रावणाची सहा तोंडं: सांगलीच्या हौशी नाट्यमंडळींना खुले पत्र

प्रति,
सांगली-मिरज आणि पंचक्रोशीतल्या समस्त हौशी नाट्यसंस्था, त्यांचे दिग्दर्शक, नट, प्रॉम्प्टर आणि तालमीला रोज उशिरा येणारे सर्व कलाकार यांस,

विषय : ५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी घाटावर सोंगं काढण्याबाबत. कपडे माझे, भाडं नको.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखता. नावानं नसेल, पण ड्रेपरीवाल्या काकू म्हणून नक्की. तुमच्यातल्या निम्म्यांच्या छातीची मापं मला पाठ आहेत. कुणाचा अंगरखा दर वर्षी दोन बोटं उसवावा लागतो तेही ठाऊक आहे, आणि ते मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. सासऱ्यांनी सुरू केलेलं दुकान मी सांभाळते. शाळेच्या गॅदरिंगपासून राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत गदा, मुकुट, दाढ्या, नऊवाऱ्या, पोलिसांचे खाकी कपडे, सगळं माझ्याकडून जातं. त्यातलं थोडंफार परतही येतं.

५ नोव्हेंबर जवळ आला की तुमची लगबग सुरू होते. रंगभूमी दिन. हार, पूजन, नांदी, गौरवपदक, भाषणं. सगळं रीतसर होतं, त्याबद्दल तक्रार नाही. मला एवढंच म्हणायचंय की मराठी नाटक सुरू करणाऱ्या ज्या विष्णुदास भाव्यांच्या नावानं हे चालतं, त्यांचे खेळ इतके गंभीर नव्हते. सूत्रधाराचं मंगलाचरण झालं की आधी यायचा झाडपाला गुंडाळलेला वनचराच्या वेषातला विदूषक. त्यानं सूत्रधाराची टर उडवायची, लोकांना हसवायचं, आणि मग गणपती, मग सरस्वती. राक्षस आले की असा काही आरडाओरडा व्हायचा की त्या तऱ्हेच्या नाटकांना पुढे 'अललडुर्र' असं नाव पडलं. आपण भाव्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि विदूषकाला विंगेतच उभा ठेवतो.

म्हणून यंदा त्या संध्याकाळी दोन तास काढा. कृष्णेच्या घाटावर या. नदीसाठी आणि समुद्रासाठी सोंगं काढू.

'समुद्र? सांगलीत?' हा प्रश्न मला आतापर्यंत इतक्यांनी विचारलाय की उत्तर तोंडपाठ झालंय. माझं माहेर दाभोळ खाडीच्या काठचं. लग्न होऊन घाट चढून इकडे आले तेव्हा आई म्हणाली, 'आता तुला पाण्याची सोबत नाही गो.' तिला नकाशा ठाऊक नव्हता, आणि मलाही बरीच वर्षं नव्हता. कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावतं हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, कारण श्रावणात दरवाजे किती फुटांनी उचलले यावर आपलं सामान माळ्यावर चढवायचं का नाही ते ठरतं. ते पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं आणि सांगलीच्या आयर्विन पुलाखालून पुढं जातं. पण त्याच धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडेही उतरतं, तिथं वीज करतं आणि वाशिष्ठीत पडतं. वाशिष्ठी चिपळूणवरून येऊन दाभोळला समुद्राला मिळते. म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एकाच धरणाचं पाणी माझ्या माहेरीही जातं आणि सासरीही. माहेरचं अरबी समुद्रात. सासरचं कर्नाटक, तेलंगण, आंध्र पालथं घालून हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात. हे कळलं त्या दिवशी मी दुकानात बसून एकटीच हसले. आई असती तर तिला फोन केला असता.

आता कबुली देते. २०१९ च्या पुरात आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. माझ्या दुकानात माणूस बुडेल एवढं पाणी होतं. पैठण्या, शेरवान्या, शेले, सगळ्यांचा चिखल झाला. पण जड ट्रंका जागच्या हलल्या नाहीत. गेलं ते हलकं, तरंगणारं. त्यात रावणाची दहा तोंडं होती. थर्मोकोलची, वर सोनेरी कागद. पाणी ओसरल्यावर चार तोंडं हरिपूरच्या अंगाला एका बाभळीत अडकलेली सापडली. एकाची मिशी शाबूत होती. झाडाच्या शेंड्याला, माझ्या उंचीच्या तिप्पट वर, रावण असा बघत होता जणू मीच सीता पळवली. खाली, वर, आजूबाजूला सगळ्या बाभळींना पिशव्यांची तोरणं.

उरलेली सहा तोंडं कुठं गेली? वाटेत अलमट्टी आहे, नारायणपूर आहे, श्रीशैलम, नागार्जुनसागर, शेवटी विजयवाड्याचा बंधारा. बरंचसं अडकतं, गाळात जातं, हे मान्य. पण थर्मोकोल अख्खा राहत नाही. त्याचे साबुदाण्याएवढे दाणे होतात, आणि त्या दाण्यांना कुठलं धरण अडवणार? माझा रावण आंध्रात कुठल्यातरी माशाच्या पोटात आहे असं मी धरून चालते. पुष्कळांना हा विनोद वाटतो. मलाही वाटतो. पण हसून झाल्यावर तो गिळला जात नाही.

यावर मी काय केलं? आधी सगळे करतात तेच. आम्ही चार-पाच जणांनी एक व्याख्यान ठेवलं. पडदा, प्रोजेक्टर, अभ्यासू वक्ते. अकरा माणसं आली. त्यातली तीन चहावाल्याची. वक्त्यांनी मरणाऱ्या माशांची चित्रं दाखवली आणि लोकांनी मान खाली घालून मोबाइल बघितला. त्यांना दोष देत नाही, माझ्याही मनात रात्रीच्या भाकऱ्यांचा हिशोब चालू होता. मग एका कार्यालयात निवेदन दिलं. तिथल्या साहेबांनी ते सभ्यपणे ठेवून घेतलं. अजून ठेवलेलंच असेल.

त्यानंतर आमच्या दुकानातल्या पोरानं कासव केलं.

ते कासव तुम्ही बघायला हवं होतं. पाठीला बुरुडाकडची मोठी दुरडी, तिच्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या उलट्या करून खवल्यांसारख्या शिवलेल्या. हातांना जुन्या टायरच्या ट्यूबचे वल्हे. तोंड उघडझाप होणारं, कारण आत बैलगाडीच्या देखाव्यातली बिजागरी. आणि घशात, एकीला एक गाठ मारून, लांबच लांब पिशव्यांची माळ. कासवांना पाण्यात तरंगणारी पिशवी जेलीफिश वाटते आणि ती गिळतात, हे त्यानं कुठंतरी वाचलेलं. एका बाजारच्या दिवशी ते कासव मंडईत जाऊन भाजीवाल्या मावशींसमोर आडवं पडलं.

'आगं बाई, आत माणूस हाय का?'

कासवानं तोंड उघडलं. मावशींनी जिभेसारखं दिसणारं टोक धरून ओढलं. एक पिशवी आली. आणखी ओढलं, दुसरी आली. मग शेजारची हसायला लागली, तिसरी मोजायला लागली, शाळेतली पोरं जमली. 'सोळा! सतरा!' मंडईत वाट मिळेना. चाळिसाच्या पुढं कधीतरी शेवटची पिशवी आली आणि मावशींनी ती उलटसुलट करून बघितली. 'ही तर माझ्याच गाड्यावरची हाय की रं!' हशा असा झाला की पलीकडचे कांदेवाले उठून बघायला आले.

मावशींनी पिशव्या देणं बंद केलं असं मी सांगणार नाही. केलेलं नाही. पण त्या आता गिऱ्हाइकाला विचारतात, 'पिशवी देऊ का, का कासवाला घालू?' निम्मे लोक हसून आपली पिशवी काढतात. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. बंदीनं जे मंडईत झालं नाही त्यातलं निम्मं एका दुरडीनं झालं. परत येताना पोरगं तसंच सिटी बसमध्ये चढलं, तर कंडक्टर म्हणाला, 'कासवाला लगेज लागंल.'

असलं काही करणारे आपण पहिले नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल म्हणून किनारा आहे. तिथल्या लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्यांच्या तोंडात गटाराचं पाणी जायला लागलं, कारण गावांचा मैला तसाच समुद्रात सोडत. १९९० साली त्यांनी संघटना काढली, तोंडाला गॅस मास्क लावले, काखेत फळ्या घेतल्या आणि हवा भरलेला एक प्रचंड गू घेऊन थेट संसदेपाशी गेले. होय, गू. मी शब्द बदलणार नाही, त्यांनीही बदलला नव्हता. मैलापाण्याचा प्रश्न ज्या सभागृहात नाक न मुरडता बोलायला कुणी तयार नव्हतं, तिथं त्यांना दखल घ्यावी लागली. लढाई अजून चालू आहे, पण सुरुवात अशी झाली. शेरीनाल्यातून मैलापाणी कृष्णेत सोडणाऱ्या आपल्या गावाला याहून जास्त समजावून सांगायला नको.

१९९९ साली अमेरिकेत सिएटलला जागतिक व्यापार संघटनेची परिषद होती. रस्त्यावर दोनशेच्या वर माणसं समुद्री कासवं होऊन उतरली. पुठ्ठ्याची पाठ, रंगवलेली. कारण असं की, कोळंबीच्या जाळ्यात कासवं मरतात म्हणून अमेरिकेनं नियम केला होता : जाळ्यात कासवाला निसटायला वाट ठेवा, नाहीतर तुमची कोळंबी आम्ही घेणार नाही. त्याविरुद्ध चार देश व्यापार संघटनेकडे गेले होते आणि त्यात आपला भारत होता. निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला, आणि ती कासवं त्यावर चिडलेली होती. ड्रेपरीवाली म्हणून मला दोनशे पोशाखांचं कौतुक. पण कोकणातली मुलगी म्हणून मी थोडी अडखळते. श्रीमंत देशानं गरिबाच्या जाळ्याला नियम लावायचे, हेही काही सरळ नाही. आमच्या शेजारी खारव्यांची वस्ती होती. त्यांच्या जाळ्यात कासव आलं तर ते हळद-कुंकू लावून परत सोडताना मी पाहिलंय. आता त्यांची नातवंडं सांगतात की जाळं ओढलं की मासळीच्या आधी प्लास्टिक वेचावं लागतं.

म्हणून तुम्हाला एक अट घालते. होडीवाल्याची, कोळणीची, मंडईतल्या मावशींची टर उडवायची नाही. सोंग मोठ्याचं काढायचं, नाहीतर स्वतःचं.

मालदीवच्या मंत्रिमंडळाची गोष्ट तुम्ही पेपरात वाचली असेल. २००९ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष नशीद आणि त्यांचे मंत्री पाठीवर हवेच्या टाक्या लावून समुद्राच्या तळाशी टेबलं मांडून बसले आणि तिथं ठरावावर सह्या केल्या. समुद्र चढला तर आमचा देश असा दिसेल, एवढंच सांगायचं होतं. नेपथ्य उत्तम, संवाद शून्य, सगळं हातवाऱ्यांवर. आपल्या कुठल्याही मंत्रिमंडळाला एवढा वेळ गप्प बसता येईल का, हा माझा आगाऊ प्रश्न. आणि २०१७ मध्ये काही मंडळींनी पॅसिफिक महासागरातल्या कचऱ्याच्या ढिगाला स्वतंत्र देश म्हणून मान्यता द्या असा अर्ज थेट संयुक्त राष्ट्रांकडे केला. पासपोर्ट काढले, नोटा छापल्या. मला ही कल्पना हुशार वाटली, पण जरा कोरडी. त्यात घाम नाही. जाहिरातवाल्यांचं डोकं दिसतं, अंगाला रंग लागलेला दिसत नाही.

आपल्याकडं तर ही विद्या रक्तात आहे. खड्ड्यात झाडं लावणं, बंद पडलेल्या नळाचं श्राद्ध घालणं, हलगी मोर्चा, बोंबाबोंब, कार्यालयासमोर जागरण-गोंधळ. पश्चिम महाराष्ट्रात पिंडदान न झालेला खड्डा दुर्मीळ. पण एक व्यावसायिक म्हणून सांगते, या सगळ्यांत तालीम नसते. फोटोग्राफर आला की सुरू, तो गेला की संपलं. श्राद्ध घालणारा हसत असतो, आणि हसणारा नट लोकांना हसवू शकत नाही हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार? हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली 'शारदा' रंगभूमीवर आणलं तेव्हा म्हाताऱ्या नवरदेवाची अशी फजिती केली की लोक हसता हसता घरी जाऊन आपल्या पोरीकडं बघायला लागले. त्या हशामागं तालीम होती. म्हणून मी आंदोलनवाल्यांकडं न जाता तुमच्याकडं आले.

आणखी एक जुनं देणं आहे. भाव्यांनी नाटक रचलं ते कशावरून? उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला येऊन खेळ करून गेली, ते बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना सांगितलं की असं काही आपल्या भाषेत कर. ही कर्की कुठं? होन्नावरजवळ, समुद्राच्या कडेला. आपण ज्याला नाट्यपंढरी म्हणतो तिथला पहिला रंग समुद्रकाठाहून आला. आपण परत काय पाठवलं, तर रावणाची सहा तोंडं.

तर खेळ असा आहे. माझ्या माहेरी शिमग्यात संकासुर येतो. काळा पायघोळ पोशाख, उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरं. लहानपणी त्याला बघून मी पडवीत लपायचे आणि तो पुढं गेला की त्याच्याच मागं धावायचे. हा मूळचा शंखासुर. त्यानं वेद चोरले आणि समुद्राच्या तळाशी जाऊन लपला, मग विष्णूला मत्स्यावतार घ्यावा लागला. आमच्या सोंगात तो स्वतःहून वर आलाय. वैतागलेला आहे. 'वेद घ्या तुमचे परत, पण मला लपायला जागा द्या! खाली पाय ठेवायला जागा नाही!' तक्रार करायला तो बंगालच्या उपसागरातून कृष्णेनं उलटा पोहत निघतो. प्रत्येक धरणावर त्याला एक साहेब भेटतो, वेगळ्या भाषेत एकच सांगतो : हा विषय वरच्या धरणाचा. तेलुगू, कानडी येणाऱ्यांनी हात वर करावेत, मिरजेत त्यांची वाण नाही. असं करत करत तो सांगलीच्या घाटावर येतो, पाठीवरचं गाठोडं सोडतो आणि प्रेक्षकांना त्यांच्या वस्तू परत द्यायला लागतो. 'ही दुधाची पिशवी कुणाची? वर सांगलीच लिहिलंय.' 'हे निर्माल्य कुणाचं? देवाला वाहिलं ते ठीक, पण देवाला पिशवीची गाठ सुटत नाही.' 'ही एका पायाची चप्पल. दुसऱ्या पायानं पुढं या.'

आणि सगळ्यात शेवटी तो रावणाचं एक तोंड काढतो. तेव्हा गर्दीतून मला पुढं यायचंय. माझं काम एवढंच, मान खाली घालून ते घ्यायचं. संवाद नको. मला पाठांतर होत नाही.

पुढचं तुम्ही सुधारा. मी लेखिका नाही. विदूषक कोण, सूत्रधार कोण, त्याच्यावरून संस्था-संस्थांमध्ये भांडणं होतील, ती आधीच उरकून घ्या. पोलीस परवानगीचं मी बघते. ध्वनिक्षेपक नको, हलगी आणि घुंगरं पुरेत. घाटावर आलेल्या माणसांना शपथ द्यायची नाही, पत्रकं वाटायची नाहीत. ती पत्रकंही नदीतच जातात. गेल्या काही वर्षांत मोठमोठे ठराव झाले. कुठल्याच देशाच्या हद्दीत न येणाऱ्या समुद्रातल्या जीवांच्या रक्षणाचा करार संयुक्त राष्ट्रांत २०२३ च्या जूनमध्ये मंजूर झाला, भारतानं त्यावर २०२४ मध्ये सही केली. चांगलंच झालं. ते काम करणारे करतील. मंडईतल्या मावशींना हसवणं मात्र न्यूयॉर्कहून जमणार नाही.

सामानाबद्दल. शंखासुराचा पोशाख शिवायला टाकलाय, सुती आहे. टोपी बुरुडाकडून कामट्यांची करून घेते आहे. थर्मोकोल दुकानातून हद्दपार केला आहे. मुकुट यापुढं कागदाच्या लगद्याचे आणि पत्र्याचे, जरा जड होतील, मान दुखली तर सांगू नका. चमकी मिळणार नाही. गॅदरिंगला प्रत्येक पोराच्या गालाला जी चमकी मी इतकी वर्षं फासली, ती प्लास्टिकचीच होती, तोंड धुतलं की मोरीत आणि मोरीतून नदीत. युरोपात सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर २०२३ मध्ये बंदी आली. पालक म्हणतात, काकू, चमकीशिवाय परी कशी दिसणार? अभ्रक वापरून बघते आहे. बरा दिसतो, पण खाज येते. उपाय माहीत असला तर कळवा.

तालमीला जागा माझ्या दुकानाच्या मागची. दसरा झाला की रोज संध्याकाळी सातला. चहा एकदाच मिळेल.

आपली,
ड्रेपरीवाल्या काकू

ता. क. मागच्या स्पर्धेला नेलेली नारदाची वीणा अजून परत आलेली नाही. कुणी नेली ते मला माहीत आहे. शंखासुराच्या गाठोड्यात तिचं चित्र घालायचं का, हे त्यांनी तालमीच्या पहिल्या दिवसाआधी ठरवावं.